सेलियाचे दुसरे मरण

पिरेनीज पर्वतातील ऑर्देसाच्या खोऱ्यात ६ जानेवारी २००० रोजी उन्मळून पडलेल्या वृक्षाखाली जी रानबकरी मृत आढळली, ती बुकार्दो नामक उपजातीची अखेरची प्रतिनिधी होती. सेलिया हे तिचे नाव; आणि तिच्या कानाच्या कातडीतील पेशी काही महिने आधीच काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये जतन करण्याची तजवीज स्पॅनिश शास्त्रज्ञांनी केलेली असल्यामुळे, २००३ साली एका संकरित शेळीच्या पोटी तिची प्रतिकृती असलेले करडू जन्मास आले. फुप्फुसातील जन्मजात व्यंगामुळे ते काही मिनिटांतच गेले.

ते जगले असते तरी बुकार्दोचे कुल पुन्हा नांदते झाले असते, हे मला मान्य नाही. हाती होत्या त्या एकाच मादीच्या पेशी. नर उरलाच नव्हता, आणि तिच्या कितीही प्रतिकृती घडविल्या तरी त्या सर्वांची रोगप्रतिकारशक्ती एकाच साच्याची राहती. १९८७ साली स्पेनच्याच काझोर्ला पर्वतराजीत खरजेची साथ शिरली, तेव्हा तेथील शेकडा ९५हून अधिक रानबकऱ्या दगावल्या. विविध रक्ताच्या कळपांची जेथे ही गत, तेथे एकरक्त कळपाची काय कथा! शिवाय हिवाळ्यात कोणत्या कड्याचा आधार घ्यावा आणि बर्फ वितळल्यावर कोणत्या वाटेने वर चढावे, हे करडू आईच्या पाठोपाठ चालत शिकते. गोठ्यातील दाईने ते कोठून शिकवावे? मध्यंतरी, २०१४ पासून, फ्रान्सने पिरेनीजच्या आपल्या बाजूस स्पेनमधील सगोत्र रानबकऱ्या सोडल्या व त्या तेथे रुजल्या. आता बुकार्दो आणलाच, तर तो त्यांच्याशी चाऱ्यासाठी झगडेल किंवा त्यांच्याशी संकर पावून पुन्हा लोपेल.

माझी खरी धास्ती मात्र निराळी आहे. एप्रिल २०२५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० फेरफार करून हिमयुगातील ‘डायर वुल्फ’ परत आणल्याचा दावा केला, आणि लगोलग, वन्यजीव ज्यांच्या अखत्यारीत येतात ते तेथील मंत्री डग बर्गम यांनी त्याचे स्वागत करून, संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत नावे वाढण्याऐवजी ती वगळली जाण्याचा उत्सव व्हावा, असे जाहीर केले. गेलेले परत आणता येते, ही समजूत एकदा सरकारदरबारी रुजली, की आहे त्याच्या रक्षणाचा बंदोबस्त सैल करण्यास आयती सबब मिळते. राजस्थानात माळढोकाची कृत्रिम पैदास चालू आहे, ती योग्यच आहे. परंतु माळढोक विजेच्या तारांवर आदळून मरतात, आणि सोलापूरजवळील नान्नजला १९७९ पासून अभयारण्य असूनही तेथे तो पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला आहे. पैदाशीच्या यशाच्या बातम्या देणाऱ्या सरकारने, त्या पिलांच्या उड्डाणमार्गातील किती तारा जमिनीखाली गेल्या, याचाही हिशेब दरसाल प्रसिद्ध करावा.