फोन कोण उचलणार?

आत्महत्येची बातमी देण्याची एक ठरावीक रीत मराठी वृत्तपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर आता रुळली आहे. शीर्षकात मृताचे वय, गाव आणि तर्काने ठरवलेले एकच कारण येते, पोटात चिठ्ठीतला मजकूर आणि घरातला तपशील येतो, छायाचित्र मिळाले तर तेही येते, आणि सर्वांत शेवटी बारीक टायपातल्या चौकटीत मदतवाहिनीचा, म्हणजे हेल्पलाइनचा, क्रमांक छापला जातो. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अशा वार्तांकनासाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या असून बातमी ठळक जागी देऊ नये, कृतीचे वर्णन करू नये, शीर्षक सनसनाटी असू नये, छायाचित्रे वापरू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. या सूचना सर्रास धाब्यावर बसवल्या जातात. तळाची चौकट तेवढी इमानाने येते. प्रस्तुत अंकाच्या संपादक मंडळाला वर्षभर खुपत राहिली ती हीच चौकट. क्रमांक छापू नये असे कुणीच म्हणणार नाही. तो छापलाच पाहिजे. आक्षेप आहे तो क्रमांक छापला की कर्तव्य संपले या समजुतीला, कारण त्या क्रमांकाच्या दुसऱ्या टोकाला फोन उचलणारे माणूस लागते, आणि ते माणूस कुठून येते, त्याला कोण तयार करते, ते किती काळ टिकते, याची चौकशी चौकट छापणारे करत नाहीत आणि वाचणारेही करत नाहीत.

सरत्या वर्षाचा आढावा घेण्याची दिवाळी अंकांची प्रथा आहे आणि यंदा त्यासाठी विषयांची वाणही नव्हती. मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, पहिलीपासूनच्या हिंदीचा शासन निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला, आणि ऐन सुगीच्या तोंडावर मराठवाड्यातली उभी पिके पुराने नेली. हे सारे महत्त्वाचे आहे आणि त्याची चर्चा इतरत्र भरपूर होते आहे. २५ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय मात्र त्या मानाने चर्चेबाहेर राहिला. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधी दिलेल्या या निर्णयात न्यायालयाने देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, आणि मदतवाहिन्यांचे क्रमांक वसतिगृहांत, वर्गांत व सामाईक जागांत मोठ्या, सुवाच्य अक्षरांत लावावेत, असे त्यांत सांगितले आहे. या तीन सूचनांपैकी सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात कोणती पाळली जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. फलक एका दुपारी लागतो. माणूस घडवायला महिने लागतात, आणि घडलेले माणूस राखायला त्याहून अधिक कष्ट पडतात.

ज्या सेवेचा हा क्रमांक असतो तिचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय हा आक्षेप पुरता ध्यानात यायचा नाही. दूरध्वनीवरील संकटकालीन आधारसेवा म्हणजे मनाने टोकाला पोहोचलेल्या व्यक्तीला आपले नाव न सांगता, पैसे न मोजता, एका प्रशिक्षित माणसाशी बोलण्याची सोय. तिचा आजचा साचा मुख्यतः लंडनमध्ये घडला. चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये अशा लोकांसाठी फोन ठेवला आणि समुपदेशन स्वतः सुरू केले. भेटीला येणाऱ्यांची रीघ वाढली तेव्हा बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठी, त्यांच्याजवळ बसण्यासाठी काही स्वयंसेवक येऊ लागले. थोड्याच दिवसांत व्हारा यांच्या ध्यानात आले की, वाट पाहणाऱ्यांतील पुष्कळ जण बाहेरच, त्या चहा देणाऱ्या माणसांजवळ मन मोकळे करतात आणि आत न येताच हलके होऊन परत जातात. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी फोन रीतसर स्वयंसेवकांच्या स्वाधीन केला आणि स्वतः त्यांची निवड, शिक्षण व देखरेख यांकडे वळले. ‘समॅरिटन्स’ या संस्थेचा आणि तिच्या नमुन्यावर जगभर निघालेल्या सेवांचा पाया हा असा आहे. ज्याला धर्माचा अधिकार होता आणि समुपदेशनाचा सरावही होता, त्याने सामान्य माणसाच्या ऐकण्याला आपल्या सल्ल्याहून वरचे स्थान दिले, ही गोष्ट सल्ला देण्यात पटाईत असलेल्या मराठी समाजाने जरा थांबून पाहावी अशी आहे.

भारतात चेन्नईची ‘स्नेहा’ ही संस्था डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये सुरू केली. महाराष्ट्रात दादरची ‘समॅरिटन्स मुंबई’, नवी मुंबईत १९९८ पासून चालणारी ‘आसरा’, पुण्यात २००५ पासून काम करणारी ‘कनेक्टिंग’, आणि गोव्यात ‘कूज’ या संस्था हे काम करत आल्या आहेत. आसरा वगळता यांपैकी कुणाचेही नाव सर्वसाधारण मराठी वाचकाला चटकन आठवायचे नाही, आणि आसराचेही नाव आठवते ते बहुधा त्या चौकटीमुळेच.

फोनवर बसणाऱ्या स्वयंसेवकाचे काम बाहेरून दिसते त्याहून फार निराळे असते. त्याची निवड मुलाखतीने होते, त्यानंतर काही आठवड्यांचे प्रशिक्षण होते, आणि त्या प्रशिक्षणाचा मोठा भाग जुन्या सवयी मोडण्यात जातो. ‘असा विचार करू नका’, ‘मुलाबाळांकडे पाहा’, ‘तुमच्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात’, ‘सगळे ठीक होईल’ ही चार वाक्ये मराठी घरांत धीर देण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली जातात. फोनवर ती वर्ज्य असतात, कारण त्यांतील प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याचे बोलणे तिथेच संपवते. फोन उचलल्यावर पुष्कळदा पलीकडून आवाजच येत नाही, केवळ श्वास ऐकू येतो, मागे पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरची रहदारी असते. अशा वेळी तीनदा ‘हॅलो’ म्हणून फोन ठेवण्याचा हात आवरावा लागतो, आणि ‘घाई नाही, मी इथेच आहे’ एवढे सांगून काही मिनिटे गप्प राहावे लागते. नंतर, बोलणे सुरू झाले म्हणजे, आडवळणे न घेता ‘आत्महत्येचा विचार मनात येतो आहे का?’ असा थेट प्रश्न विचारावा लागतो. असे विचारल्याने नसलेला विचार मनात येतो ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. ज्याच्या मनात तो विचार असतो त्याला कुणीतरी तो शब्द न घाबरता उच्चारला याचाच बहुधा दिलासा वाटतो. याच फोनवर चेष्टेखोर येतात, अश्लील बोलणारे येतात, चुकून लागलेले फोन येतात, आणि या सगळ्यांतून पुढचा फोन पुन्हा कोऱ्या मनाने उचलावा लागतो. पाळी संपल्यावर ज्येष्ठ सहकाऱ्याजवळ दिवसाचे ओझे उतरवण्याची व्यवस्था चांगल्या संस्थांत असते, आणि ती नसेल तर स्वयंसेवक फार दिवस टिकत नाही. नोकरी बदलते, लग्न होते, आईवडील आजारी पडतात, आणि तयार झालेले माणूस निघून जाते. संस्था नव्या तुकडीच्या प्रशिक्षणाला पुन्हा आरंभापासून लागते.

अशा प्रकारचे काम सरकारने करावे, ते स्वयंसेवकांवर का सोडावे, हा प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही चोवीस तासांची विनामूल्य सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून तिच्यावर मराठीतही बोलता येते आणि गरज पडल्यास प्रकरण समुपदेशकाकडून मनोविकारतज्ज्ञाकडे सोपवता येते. ही सेवा स्वागतार्ह आहे आणि ती वाढली पाहिजे. पण तिच्यामुळे स्वयंसेवकांची गरज संपत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली, त्यांत २२,७४६ महाराष्ट्रातले होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. देशातील एकूण मृतांत एक चतुर्थांशाहून अधिक रोजंदारीवर काम करणारे होते, आणि नोंदलेल्या कारणांत कौटुंबिक प्रश्न व आजारपण यांचा वाटा मिळून निम्मा होता. ही सगळी माणसे रुग्ण म्हणून दवाखान्यात नोंदली गेली नसती, त्यांतील अनेकांना स्वतःला रुग्ण म्हणवून घ्यायचेही नसते, आणि सरकारी यंत्रणेचे भय हा त्यांच्या मौनाचा एक जुना भाग आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा १८६० च्या दंडसंहितेने गुन्हा ठरवला होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच ते कलम घटनाबाह्य ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ मध्ये ती फिरवली. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेच नाही. सार्वजनिक सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. कायदा बदलला तरी पोलीस येतील, नोंद होईल, गावात बभ्रा होईल हे भय घराघरांत शाबूत आहे, आणि नाव न विचारणाऱ्या, कुठल्याही खात्याचा नसलेल्या माणसापाशी ते भय थोडे सैल पडते.

या संस्था फोनपुरत्या थांबत नाहीत, आणि त्यांच्या कामाचा हा भाग चौकटीत कधीच मावत नाही. फोनवर जे ऐकू येते त्यातून गावाची, शाळेची, कायद्याची दुखरी जागा कळते, आणि मग तिथे जावे लागते. परीक्षेत नापास झालेल्या मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून फेरपरीक्षा लगेच घ्यावी, असा आग्रह ‘स्नेहा’च्या डॉ. विजयकुमार यांनी तमिळनाडूत धरला आणि तिथे तशी सोय झाली. महाराष्ट्रातही दहावीची फेरपरीक्षा २०१५ पासून ऑक्टोबरऐवजी जुलैत होऊ लागली. तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातील काट्टुमन्नारकोविल भागात ‘स्नेहा’ने केलेला एक प्रयोग तर विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने अभ्यासावा असा आहे. तिथे दोन गावांत शेतकऱ्यांसाठी कीटकनाशके ठेवण्याची सामाईक खोली बांधण्यात आली, तीत बँकेतल्या लॉकरसारखे कुलूपबंद कप्पे केले, आणि शेतकऱ्याने आपला डबा घरी न ठेवता तिथे ठेवावा, फवारणीच्या दिवशी न्यावा आणि परत आणावा अशी व्यवस्था लावली. यामागचा विचार असा की, टोकाचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर माणूस वाचतो आणि वाचल्यावर बहुधा जगत राहतो. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. शेतकरी आत्महत्यांवर महाराष्ट्रात समित्या झाल्या, पॅकेजे झाली, कर्जमाफ्या झाल्या, निवडणुका लढवल्या गेल्या. घरातला कीटकनाशकाचा डबा कुठे ठेवलेला असतो, हा प्रश्न मात्र या साऱ्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही. शेतमालाच्या भावाचा आणि कर्जाचा प्रश्न त्यामुळे सुटणार नाही हे उघड आहे, आणि तो सुटेपर्यंत माणूस जिवंत राहिले पाहिजे हेही तितकेच उघड आहे.

पुण्यात ‘कनेक्टिंग’चे स्वयंसेवक शाळांत जाऊन विद्यार्थ्यांनाच एकमेकांचे ऐकायला शिकवतात, कारण मूल प्रथम सांगते ते मित्राला, शिक्षकाला नव्हे. ज्यांच्या घरात आत्महत्या घडली आहे त्या कुटुंबीयांना आधार देण्याचे कामही ही संस्था करते. त्या घरात तेराव्यानंतर येणेजाणे थांबते, थोरल्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत तो विषय दबक्या आवाजात निघतो, मृताची आई वर्षानुवर्षे स्वतःलाच दोष देत राहते. या काळात त्या घरी जाऊन, मृताचे नाव घेऊन, त्याच्याविषयी बोलू देणारे कुणी असणे हे प्रतिबंधाचेच काम आहे, कारण अशा घरांतील उरलेल्या माणसांना असलेला धोका इतरांहून अधिक असतो.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ असा आहे. वाड्यांचे पुनर्विकासानंतरचे रूप, सीमाभागातील दोन भाषांचा सहवास, पाण्यावरून भांडणारी गावे, परदेशांतील महाराष्ट्र मंडळे असे लेख त्यात आहेत, आणि त्यांच्या रांगेत फोनवरच्या अनोळखी आवाजाचा विषय कसा बसतो असे काही वाचकांना वाटेल. चाळीतला शेजार गेला म्हणून हळहळण्याची मराठी साहित्याला सवय आहे, आणि ती हळहळ खोटी नाही. त्या शेजाराने अनेकांना सावरले. मात्र त्याच शेजाराच्या कुजबुजीपायी अनेकांनी तोंड उघडले नाही हेही त्या साहित्यात नीट वाचणाऱ्याला सापडते. भिंतीला भिंत लागून असणाऱ्याला जे सांगता येत नाही ते अनोळखी माणसाला सांगता येते, म्हणून आधुनिक शहराच्या शेजारधर्मात या फोनची गणना करावी, असे संपादक मंडळाचे मत आहे. अंकातील ज्या दोन कथांमध्ये आत्महत्येचा प्रसंग येतो, त्यांच्या लेखकांशी प्रसंगाच्या तपशिलाविषयी सविस्तर बोलणे झाले आणि दोघांनीही तो समजून घेऊन फिरून लिहिला, याचा उल्लेख येथे कृतज्ञतेने केला पाहिजे.

या अंकाच्या वाचकांत निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, परिचारिका, गृहिणी, महाविद्यालयीन विद्यार्थी असे अनेक जण आहेत, आणि पिढ्यांपिढ्या अंक घेणारी घरेही आहेत. आठवड्यातून तीन-चार तास नियमाने देणे त्यांतील पुष्कळांना शक्य आहे. या सेवांना मानसशास्त्राची पदवी लागत नाही. चांगले मराठी कळणारे, बोलीतले मराठी ऐकून न अडखळणारे कान लागतात, कारण लातूरची किंवा सावंतवाडीची व्यक्ती रात्री बोलू लागते ती पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलत नाही. सणासुदीला स्वयंसेवक गावी जातात आणि पाळ्या भरणे अवघड होते, म्हणून दिवाळीनंतर नाव नोंदवून, प्रशिक्षण पुरे करून पुढच्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळची पाळी घेणारे वाचक संस्थांना हवे आहेत. ज्यांना फोनवर बसणे जमणार नाही त्यांनी हिशेब लिहावेत, प्रशिक्षणासाठी सोसायटीचे सभागृह मिळवून द्यावे, संस्थेच्या जागेचे एका महिन्याचे भाडे भरावे. या खर्चांना देणगीदार सहजी मिळत नाहीत.