फॉरमॅट मारण्याआधी वायर बघा

लॅपटॉपचं इंटरनेट मध्येच तुटायला लागलं की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, ‘फॉरमॅट मारून घ्या’. दुसरा, ‘आता नवीनच घ्या’. वायफायची गोष्ट वेगळी. त्याला भिंती आडव्या येतात, शेजारपाजारचे दहा राउटर आडवे येतात. पण वायरने जोडलेलं नेट तुटत असेल तर त्याचं कारण सापडतं, आणि बहुतेक वेळा पैसा न घालता सापडतं. ते न शोधता मारलेल्या फॉरमॅटला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही.

एवढं कडक बोलण्याला कारण आहे. आमच्या मोहल्ल्यात एक छोटी अभ्यासिका आहे. ज्यांच्या घरात दोन खोल्या आणि सात माणसं आहेत, अशी मुलं-मुली तिथे येऊन अभ्यास करतात. एका वायफायवर सगळ्यांचे मोबाइल लटकलेले असतात, म्हणून चार टेबलांपर्यंत वायर ओढून घेतली आहे. तिथे बसणाऱ्या, एम.ए. करणाऱ्या एका मुलीच्या लॅपटॉपवर दर पाच-दहा मिनिटांनी नेट जायचं आणि आपोआप परत यायचं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला कागदपत्रं जोडायला घेतली की नेमकं निम्म्यात तुटायचं. तिने लॅपटॉप दुकानात दिला. सहाशे रुपये घेऊन फॉरमॅट मारून दिलं. बॅकअप घेतलाय का, हे कोणी विचारलं नाही. प्रबंधाची दोन प्रकरणं आणि वर्षभराच्या नोंदी गेल्या, आणि नेट तसंच तुटत राहिलं. दुसऱ्या खेपेला सांगण्यात आलं, ‘लॅनचा पोर्ट गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल.’ वडील रिक्षा चालवतात. मदरबोर्डची किंमत त्या घरात काय असते ते सांगायला नको.

दुकानदाराच्या बोलण्याला आधार नव्हता असं नाही. त्याच टेबलावर, त्याच वायरवर दुसऱ्या मुलाचा जुना लॅपटॉप व्यवस्थित चालत होता. वायर चांगली, मग लॅपटॉपच खराब. ऐकायला बिनतोड वाटतं. पण या तर्काला उलट बाजूने तपासायचं राहून गेलं होतं. तिचा लॅपटॉप शेजारच्या टेबलाच्या वायरला लावला, तर तासभर नेट एकदाही तुटलं नाही. म्हणजे तिचा पोर्टही चांगला. वायर चांगली, पोर्ट चांगला, आणि दोघं एकत्र आले की बिघाड!

इथे थोडं वायरच्या आत डोकवावं लागतं. लॅनच्या वायरमध्ये आठ तारा असतात, एकमेकींना पीळ दिलेल्या चार जोड्या. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जुन्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात. १९९९ साली ठरलेल्या गिगाबिटच्या पद्धतीला मात्र चारही लागतात. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट १०० चा होता. त्याच्या कामाच्या दोन जोड्या शाबूत होत्या, उरलेल्या दोघींचं काय झालंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तिचा लॅपटॉप गिगाबिटचा. दोन्ही टोकांची उपकरणं आधी आपापसांत वेग ठरवून घेतात. ठरायचा गिगाबिट, पण एका जोडीतली तार अर्धवट तुटलेली, त्यामुळे जोडणी टिकायची नाही. सुटायची आणि पुन्हा जुळायची. वायर दाराच्या उंबऱ्यावरून गेली होती आणि दार रोज तिला चेपत होतं. बाहेरून आवरणावर फक्त एक वळ दिसत होता. (उंदरांनी कुरतडलेली निदान दिसते तरी.)

या सगळ्याला कसलंही महागडं यंत्र लागलं नाही. वायर बदलून लॅपटॉप बघायचा, मग लॅपटॉप बदलून वायर बघायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आपण वायर, राउटर, ड्रायव्हर असं सगळं एकदम बदलतो, नेट सुरू होतं, आणि कशाने झालं ते कोणालाच कळत नाही. महिन्याने पुन्हा तेच.

वायर निर्दोष निघाली तर पुढे बघण्यासारख्या जागाही थोड्याच आहेत. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या जोडणीचा वेग लिहिलेला असतो. दोन्हीकडे गिगाबिट असून तिथे १०० दिसत असेल तर संशय पुन्हा वायरवर आणि प्लगवरच. राउटरला सतत पिंग लावून ठेवा. राउटरकडून उत्तर येतंय आणि बाहेरचं येत नाही, तर भांडण नेट देणाऱ्या कंपनीशी. राउटरच गायब होतोय, तर बिघाड घरात. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. लॅपटॉप थोडा वेळ नुसता पडून राहिला की नेट जातं, असं असेल तर वीज वाचवण्याच्या सोयी तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाला बंद करायची मुभा दिलेली असते, ती काढून टाका. ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ नावाची सोय चांगल्या हेतूने आली, पण काही कार्डांचं आणि स्विचचं तिच्यावरून पटत नाही. बंद करून बघावी. पातळ लॅपटॉपला यूएसबीतून लॅन जोडायचा तुकडा लावतात, तो सैल झाला असेल तरी हेच होतं.

फॉरमॅटने बरं होण्यासारखं या यादीत किती आहे? ड्रायव्हर किंवा एखादं बिघडलेलं सेटिंग, बस्स. तेही फॉरमॅटशिवाय सुधारता येतं.

मात्र सगळा दोष मी दुकानातल्या पोरावर टाकणार नाही. त्याने अर्धा तास घालून ‘तुमच्या लॅपटॉपला काही झालेलं नाही, वायर बदला’ असं सांगितलं असतं, तर आपण त्याला काय दिलं असतं? ‘नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?’ हे वाक्य मी कित्येक काउंटरवर ऐकलं आहे. डॉक्टरने तपासून ‘काही नाही, घरी जा’ म्हटलं तरी आपण फी देतो. मेकॅनिकने तेच केलं तर चहाही पाजत नाही. मग तो काहीतरी केल्यासारखं दिसेल असं काम करतो, आणि फॉरमॅटइतकं ‘काहीतरी केल्यासारखं’ दिसणारं दुसरं काम नाही. मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात आपली पुष्कळ पोरं आहेत. हातात कसब आहे, पण निदान करण्याची किंमत ना गिऱ्हाईक देतं, ना मालक शिकवतो.

अभ्यासिकेत आता नवी वायर बसवली आहे, भिंतीच्या कडेने, उंबरा टाळून. घेताना तांब्याची मागून घेतली. बाजारात ‘सीसीए’ लिहिलेली स्वस्त वायर मिळते, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दोन-चारदा वाकवली की आतून तुटायला लागते. एक चांगली चाललेली जादा वायर कपाटात ठेवली आहे, फक्त तपासणीसाठी. आणि लॅपटॉप दुकानात द्यायची वेळ आलीच, तर आधी आपला डेटा काढून घ्यायचा, आणि काउंटरवर पहिला प्रश्न विचारायचा: तपासायचे किती घेणार?