श्रेयनामावलीबाहेरचे सूर

चित्रपटगीत सुरू होते आणि गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच श्रोता ते ओळखतो. ही ओळख पटविणारे आरंभीचे व्हायोलिनचे स्वर, दोन कडव्यांमधील सुरावट आणि मागचा स्वरमेळ ही बहुधा संगीत संयोजकाची, म्हणजे अरेंजरची, करणी असते. गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे आपणांस मुखोद्गत असतात. या चौथ्याचे नाव कोणी विचारीत नाही. हा चौथा कित्येकदा आमचा गोमंतकीयच होता, म्हणून ही उपेक्षा आम्हांस अधिक बोचते.

पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलिपी शिकलेली मुले पोटासाठी मुंबईला गेली. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवीत. ती कागदावर उतरवून प्रत्येक वादकाच्या हाती त्याचा भाग देण्याची विद्या या मंडळींपाशी होती. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांची, तर चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांची गाणी सजविली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत, भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा संगम साधण्यासाठी स्वतंत्र सिंफनी वाद्यवृंदच उभारला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गाण्यात गुरूचे नाव गुंफले. नाव देशभर गाजले. पण या नावाचा हाडामांसाचा कलावंत आहे, हे किती जणांस ठाऊक होते? १८ जानेवारी २०१२ रोजी ते गोव्यात निवर्तले.

त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने कॉपीराइट कायदा सुधारला. चित्रपटगृहाबाहेर गाणे वाजले, की गीतकार व संगीतकार यांस रॉयल्टीचा समान वाटा मिळावा आणि तो हक्क त्यांच्याकडून कोणालाही लिहून घेता येऊ नये, अशी ती तरतूद. जावेद अख्तर यांनी त्यासाठी दिलेली झुंज स्तुत्यच होती. परंतु या वाटणीत संयोजकाचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्याच्या पदरात काय पडावे, हे आजही करारपत्रावर, म्हणजेच पैसे देणाऱ्याच्या मर्जीवर, अवलंबून राहते.

मूळ चाल संगीतकाराची, तेव्हा संयोजकाला कामाचे दाम मिळाले की झाले, असे कोणी म्हणेल. चाल त्याची, याविषयी वाद नाहीच. पण ज्या सुरांवाचून ते गाणे ओळखूच येणार नाही, ते रचणारा केवळ रोजंदारीचा धनी कसा? आज त्याच संयोजकाला म्युझिक प्रोड्यूसर म्हणतात. पूर्वी शंभर वादक जे करीत, त्यातील बरेचसे तो एका खोलीत संगणकापुढे बसून एकटाच करतो. कामाचा व्याप वाढला. हक्क मात्र होते तेथेच राहिले.

म्हणून संयोजकाचे नाव प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर बंधनकारक व्हावे आणि रॉयल्टीतील त्याचा अंश कायद्यानेच ठरावा. गोव्यात घरोघरच्या पेट्यांत जुन्या स्वरलिपीचे कागद उरले असतील, तर कला अकादमीने ते वाळवीच्या आधी गाठावेत. उत्सवी व्यासपीठांवरून गोमंतकाच्या संगीतपरंपरेचे गोडवे गाण्यापेक्षा, ती परंपरा ज्यांनी वाहिली त्यांचे देणे चुकते करणे अधिक अगत्याचे आहे.