उतारावरची खोटी काटकसर

मुळशीच्या जलाशयाला वळसा घालून ताम्हिणी घाटाने माणगावकडे उतरणाऱ्या मोटारींची शनिवार-रविवारी रीघ लागते. उतार लागताच गिअर काढून गाडी ‘न्यूट्रल’वर सोडून देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. काही महाभाग तर किल्ली फिरवून इंजिनच बंद करतात. विचारले, तर उत्तर ठरलेले: तेवढेच पेट्रोल वाचते.

या समजाला एके काळी आधार होता, हे मान्य करावयास हवे. 1973 च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. त्या काळातील ॲम्बॅसडर वा फियाट गाडीत कार्बोरेटर असे; गाडी उताराच्या वेगाने धावत असली तरी तो इंजिनात पेट्रोल ओढू देत असे. गिअर काढला की इंजिन मंदावे आणि थोडी बचत होई. पण 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर मागे पडला आणि इंधनाचा पुरवठा संगणकाच्या हाती गेला. आजच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की चाकेच इंजिनाला फिरवितात आणि पेट्रोलचा पुरवठा बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर फिरते, म्हणजे पेट्रोल जाळते. लहान मोटार नुसती उभी राहून ताशी अर्धा ते एक लिटर पेट्रोल खाते. दहा मिनिटांच्या उताराला दहा-पंधरा रुपये होतील. ज्याला बचत म्हणावयाचे तो खर्च आहे!

त्याची दुसरी किंमत रुपयांत मोजता येत नाही. न्यूट्रलमधील गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. इंजिन बंद असेल तर एकदोनदा दाबताच ब्रेकचे पायडल दगडासारखे घट्ट होते व स्टिअरिंगही जड होते. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने तो उतरावा, असे जुने ट्रकचालक सांगत. त्यांना संगणक ठाऊक नव्हता, पण दरी ठाऊक होती.

तरीही हा मोह सुटत नाही, याचे कारण खिशात आहे. महाराष्ट्रात 2021 साली पेट्रोलने लिटरला शंभर रुपये ओलांडले. गाडी घेताना जाहिरातीत वाचलेला मायलेजचा आकडा रस्त्यावर कधी भेटत नाही. तो भेटावा तरी कसा? पौड रस्त्याने मुळशीकडे जाताना जी वेताळ टेकडी लागते, तिच्यावरील ‘एआरएआय’सारख्या संस्था ज्या चाचणीवर हा आकडा प्रमाणित करतात, ती प्रयोगशाळेतील रोलरवर होते. तेथे ना पिरंगुटचा चढ असतो, ना हिंजवडीची कोंडी. कर्ज काढून मोटार घेतलेल्या शिक्षकाला वा कारकुनाला ही तूट कोठून तरी भरून काढावीशी वाटणे स्वाभाविकच आहे.

ती भरून निघते, पण सपाटीवर. 1978 पासून इंधनबचतीचे काम करणारी पीसीआरए ही संस्था ताशी 45 ते 55 किलोमीटर हा वेग सर्वांत किफायतशीर असल्याचे सांगत आली आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, हे तर शाळेतले विज्ञान. टायरमध्ये योग्य हवा, क्लचवरून काढलेला पाय आणि कोंडीत गाडी थांबली असता बंद केलेले इंजिन यांनी वाचणारे पेट्रोल खरे असते. इंजिन बंद करावयाचे ते येथे, घाटात नव्हे.

हे सामान्य चालकाला शिकवावयाचे कोणी? मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे शिक्षण बहुधा सपाट रस्त्यावर सुरू होते आणि तेथेच संपते. घाट कसा उतरावा हे परवान्याच्या परीक्षेत विचारले गेले पाहिजे आणि ताम्हिणीच्या माथ्यावर, निसर्गसौंदर्याच्या फलकांशेजारी, ‘गाडी गिअरमध्ये ठेवा; पेट्रोल वाचेल’ असा एक ठळक मराठी फलक सार्वजनिक बांधकाम खात्याने उभारावा. जिवाच्या भीतीने जे ऐकत नाहीत, ते पैशाच्या लोभाने कदाचित ऐकतील.