दोष दिसला पाहिजे!



आमच्या वस्तीतील इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी एक मुलगी परवा विहाराच्या अभ्यासिकेत रडवेली होऊन बसली होती. पाण्याच्या टाकीची मोटार चालू-बंद करणारे तिचे यंत्र मध्येच चुकायचे. "काका, आपल्याला हे जमायचं नाही," ती म्हणाली. बिघाडापेक्षा हे वाक्यच मला जास्त लागले.

तिचा प्रोसेसर बाजारातून तयार आणलेला नव्हता. एफपीजीए नावाच्या चिपवर आपल्याला हवे ते सर्किट मांडता येते. तिथे तिने मायक्रोब्लेझ हा 'सॉफ्ट प्रोसेसर' बसवला होता. त्यात कोणते भाग ठेवायचे, हे आपणच आधी ठरवायचे असते. आत डोकावण्याची, म्हणजे डीबगची सोयही त्यातच आली. ती मुळीच नको, साधी की विस्तारित, हे निवडावे लागते.

ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्राम ठरलेल्या जागी थांबवणे. वॉचपॉइंट म्हणजे मेमरीतील विशिष्ट जागा कोणी वाचली किंवा बदलली की थांबवणे. ट्रेस म्हणजे आम्हा कारकुनांची रोजकीर्दच! प्रोसेसर कोणत्या वाटेने गेला, याची क्रमवार नोंद. ती विस्तारित प्रकारातच मिळते. तिला 8 ते 128 केबी जागा देता येते.

ब्रेकपॉइंट 8 पर्यंत, आणि वाचण्याचे व लिहिण्याचे वॉचपॉइंट प्रत्येकी 4 पर्यंत घेता येतात. मात्र आपण काही बदलले नाही, तर ब्रेकपॉइंट 1 आणि वॉचपॉइंट शून्य! तिचे नेमके तेच झाले होते.

तिने लिहिण्याचा एक वॉचपॉइंट वाढवला, सर्किट पुन्हा तयार केले, जेटॅगची केबल जोडली. प्रोग्राम थांबला आणि चोर सापडला. दहा आकड्यांच्या यादीत अकरावा आकडा लिहिला जात होता, तो शेजारच्या टाकीच्या पातळीवर पडत होता.

या सोयी चिपवरील जागा खातात, हे खरे. पण काम पुरे होण्याआधी त्या काढणे म्हणजे वही न ठेवता हिशेब करणे. यंत्र लोकांच्या हाती देताना मात्र जेटॅगचे दार बंद करावे.

केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. "जमायचं नाही" हेही ऐकीवच. आईवडिलांनो, मुलांना तेही पारखायला शिकवा.

जयभीम!