वर्कशॉपातले मराठी आणि आपण

दोन वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने क्षेत्रीय प्रकल्प म्हणून आपल्या वडिलांच्या वर्कशॉपविषयी टिपण लिहून आणले. चंद्रपूरच्या औद्योगिक वसाहतीलगत त्यांचे छोटेसे वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल आणि एक जुने मिलिंग मशीन एवढाच त्याचा संसार. कोळसा खाणींतल्या पंपांचे शाफ्ट, मूल-सावली भागातल्या भातगिरण्यांचे झिजलेले भाग तिथे दुरुस्तीला येतात. टिपणाचा बराचसा भाग एकाच प्रसंगाविषयी होता : मिलिंग मशीनचा ‘ऑटो’ बंद पडला आणि वडिलांनी तो कसा दुरुस्त केला.

मी ते टिपण लाल शाईने भरून टाकले. ‘ऑटो’, ‘फीड’, ‘गिब’, ‘प्ले’ या प्रत्येक शब्दाभोवती वर्तुळ काढून समासात लिहिले, ‘मराठी पर्याय द्यावा’. मुलगी आज्ञाधारक. कोश धुंडाळून तिने पंधरा दिवसांत नवे टिपण आणले. त्यात ‘ऑटो’चे ‘स्वयंचलित भरण’ झाले होते आणि ‘प्ले’ची ‘यांत्रिक शिथिलता’. मी समाधानाने गुण दिले. जाताना ती म्हणाली, “सर, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, चांगलं लिहिलंस, पण हे कोणत्या मशीनबद्दल आहे?”

हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पहिले टिपण मी परत मागून घेतले आणि एका रविवारी वर्कशॉपातही जाऊन आलो. तिथे जे कळले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि सहकाऱ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मिलिंग मशीनमध्ये कटर एका जागी फिरते आणि काम ज्यावर बांधलेले असते ते टेबल त्याच्याखालून सरकते. टेबल हाताने चाक फिरवूनही सरकवता येते. पण हाताचा वेग कमीजास्त होतो आणि त्याच्या खुणा धातूवर उमटतात. म्हणून मोटरची गती गिअरांतून टेबलाच्या स्क्रूपर्यंत नेलेली असते. ही संथ, एकसारखी चाल म्हणजे ‘ऑटो’. कोशातले ‘भरण’ इथे का अडखळते हे आता ध्यानात येईल. इथे काहीच भरले जात नाही. काम कटरखाली पुढे दिले जाते.

बिघाड असा होता : मोटर चालू, कटर फिरते, दांडा ओढला तरी टेबल जागचे हलत नाही. वडिलांनी आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवला आणि मग टेबल हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन पाहिले. मध्यावर ते हलके चालत होते, दोन्ही टोकांना जड. इथूनच त्यांना पुढचे सगळे उमगत गेले. रोजचे काम टेबलाच्या मध्यावर होते, म्हणून सरकपट्ट्या तिथेच जास्त झिजतात. मध्यावर टेबल डगमगू लागल्यावर कोणीतरी गिब, म्हणजे फट भरून काढणारी निमुळती पट्टी, आवळली होती. त्यामुळे मध्य नीट झाला, पण टोके न झिजलेली असल्याने ती जखडली. त्यात तेलाची वाट कोळशाच्या धुळीने आणि किसाने बुजलेली. भार वाढला आणि गतीच्या वाटेवर मुद्दाम बसवलेली मऊ पिन तुटली. मशीन पूर्वी ज्यांच्याकडे होते तिथल्या कोणीतरी तिच्या जागी कडक पोलादाची पिन ठोकली. मग पिन शाबूत राहिली आणि आतल्या काशाच्या चक्राचे दाते गेले.

“सर, हे पिन तुटासाठीच असते,” ते मला म्हणाले. “पिन नाही तुटली, त दाते तुटतात.”

दुरुस्तीचा क्रम उलटा होता. नवे चक्र करून बसवले, पिन पुन्हा मऊ घातली, तेलाची वाट मोकळी केली आणि गिब सैल करून टोकांच्या बेताने लावली. मध्यावर थोडा प्ले राहिला. तो राहू द्यायचा, सरकपट्ट्या नव्याने घासून घेईपर्यंत त्याला इलाज नाही, हेही त्यांनी सांगितले. शेवटी काम न बांधता मंद गतीवर ऑटो लावून टेबल पूर्ण लांबी फिरवले, आणि टोकाला दांडा आपोआप सुटतो की नाही ते पाहिले.

आता भाषेकडे वळू. पहिल्या टिपणातली नामे मी मोजली. निम्मी इंग्रजी होती. क्रियापदे मात्र एकजात मराठी. गिब आवळते, दाते झिजतात, आटे जातात, टेबल अडते, गिअर मार खातो, दोष ‘हाताला लागतो’. बिघाड ओळखण्याचा सारा विचार या क्रियापदांत आहे. दुसऱ्या टिपणात मी नामे मराठी करून घेतली, आणि क्रियापदांची जागा ‘शिथिलता निर्माण होणे’, ‘कार्य खंडित होणे’ यांनी घेतली. शब्द शुद्ध झाले, वाक्ये बधिर झाली.

ही अडचण मराठीची मुळातली नाही. नरहरी सोनारांनी आपल्या धंद्याची हत्यारे अभंगात आणली, सेना न्हाव्यांनी आरसा आणि चिमटा आणला. त्र्यं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) बलुतेदारांचे व्यवहार त्यांच्या शब्दांसकट आले. मराठीतले एक महत्त्वाचे नियतकालिक तर कारखान्यात जन्मले : लोखंडी नांगरांच्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली निघालेले ‘किर्लोस्कर खबर’. पुढे मर्ढेकरांनी यंत्रयुगाची भीषणता दाखवली, नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेच्या मध्यभागी उभे केले. हे ऋण मोठे आहे. तरीही आपल्या साहित्यात यंत्र बहुधा चिरडणारे असते. ते उघडून, पुसून, पुन्हा चालते करणारा माणूस आणि त्याचा विचार क्वचितच येतो.

यावर आक्षेप येईल की असे शब्द सरसकट स्वीकारले तर मराठी इंग्रजीत वाहून जाईल. ही भीती मी खोटी मानत नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे जे काम केले त्याचा मला आदर आहे. पाठ्यपुस्तकाला आणि शासनव्यवहाराला एकसारखी परिभाषा लागतेच. पण परिभाषा कोश हा बोलीचा न्यायाधीश नव्हे. ‘आटे’, ‘पाना’, ‘कानस’, ‘बीड’ हे शब्द वर्कशॉपानेच जिवंत ठेवले आहेत. ज्या तोंडी ‘आटे’ टिकले त्याच तोंडी ‘गिब’ रुळले. एकाला जवळ करून दुसऱ्याला हाकलता येणार नाही.

आपल्या भागाने हा धडा एकदा गिरवला आहे. झाडीबोलीला ‘अशुद्ध’ म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी तिचे शब्द गोळा केले, झाडीपट्टी रंगभूमीवर प्रबंध झाले, आणि आज तीच बोली आपल्या अभ्यासाचा अभिमानाचा विषय आहे. मात्र झाडीपट्टी म्हणजे धान, जंगल आणि दंडार एवढेच आपण धरून बसलो. चंद्रपूरचे वीजकेंद्र, वणी-बल्लारपूरच्या खाणी, सुरजागडचे लोहखनिज आणि कोनसरीचा लोहप्रकल्प यांच्या आसपास हजारो माणसे रोज जे मराठी बोलतात, ते कोणाच्या प्रबंधात आहे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्याचा आनंद जरूर मानावा. पण अभिजाततेचा पुरावा ताम्रपटांत शोधणाऱ्यांनी ताम्रकाराच्या दुकानातही डोकावावे. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.ला क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण आणले आहे. मराठी विभागांत त्याचे काय करायचे हा प्रश्न अनेकांना पडतो. बहुतेक ठिकाणी मुले ग्रंथालयात किंवा वर्तमानपत्राच्या कचेरीत पाठवली जातात. त्यातली चार मुले दर वर्षी वर्कशॉपात, भातगिरणीत, मोटार गॅरेजात पाठवावीत. शब्द नुसता टिपू नये. तो कोणत्या वाक्यात आला, कोणत्या क्रियापदासह आला, बोलणारा तेव्हा काय करीत होता, हे टिपावे. दहा वर्षांत आपल्या दोन जिल्ह्यांचा एक व्यवसायकोश सहज उभा राहील.

त्या विद्यार्थिनीचे गुण आता बदलता येत नाहीत. तिचे पहिले टिपण मी विभागाच्या कपाटात ठेवले आहे. यंदाच्या मुलांना प्रकल्प कसा लिहावा हे दाखवताना तेच देतो, माझ्या लाल वर्तुळांसकट.