मँगनीज, मेंदू आणि भिलाईचे कामगार : एक खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, कार्यकारी परिषद,
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, नवी दिल्ली

महोदय,

आमच्या भिलाईत तयार होणाऱ्या रेल्वे रुळांत साधारण एक टक्का मँगनीज असते. त्यावाचून रूळ गाडीचा भार सोसणार नाही. हे मँगनीज वितळलेल्या पोलादात मिसळावे लागते आणि ते काम मेल्टिंग शॉपमधली माणसे करतात. मँगनीजची धूळ किंवा धूर वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणात श्वासावाटे आत गेला, तर तो धातू मेंदूत साठतो. हालचालींवर ताबा ठेवणारी जी खोलवरची केंद्रके आहेत, नेमका तिथेच तो साठतो. या विषयावर भिलाईत दीर्घ मुदतीचे आणि पुरेशा निधीचे संशोधन व्हावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी इथे विज्ञान शिकवत होते. माझ्या विद्यार्थ्यांचे वडील कोक ओव्हनमध्ये, ब्लास्ट फर्नेसवर, मेल्टिंग शॉपमध्ये पाळ्या करत. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांतल्या काहींचे पाऊल घसटते, आवाज बारीक झाला आहे, चेहऱ्यावरचे भाव थिजले आहेत. कंपवात उतारवयात सगळीकडेच दिसतो, त्यामुळे एखाद्याची चाल पाहून कारखान्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. माझा आरोप कोणावरही नाही. पण वयामुळे आलेला आजार कोणता आणि कामामुळे आलेला कोणता, हे वेगळे करून दाखवणे विज्ञानाला शक्य आहे. म्हणून ते झाले पाहिजे.

हा प्रश्न नवा नाही. १८३७ मध्ये जॉन कूपर या वैद्याने ग्लासगोतल्या पाच कामगारांची हकिगत नोंदवली. ते मँगनीजची काळी भुकटी दळत. त्यांचे पाय अशक्त झाले, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे कुजबुजल्यासारखे झाले. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतले जॉर्ज कोट्झियास चिलीतल्या मँगनीज खाणकामगारांचा अभ्यास करू लागले. त्यांचा आजार आणि कंपवात यांतले साम्य त्यांनी ओळखले. आमच्याकडच्या सर्पगंधेतून मिळणाऱ्या रिसर्पिनने निपचित पडलेले ससे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्येच दाखवले होते. चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला डोपामिन हे द्रव्य वापरतात, हे त्यातून उलगडत गेले. कोट्झियास यांनी हे धागे जुळवले, कंपवाताच्या रुग्णांना डोपा मोठ्या मात्रेत पण हळूहळू वाढवत दिले, आणि १९६७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज जगभरचे कंपवाताचे रुग्ण ज्या लेव्होडोपाच्या, म्हणजेच एल-डोपाच्या, गोळीवर चालतात-फिरतात, तिच्या इतिहासात मँगनीज खणणाऱ्या मजुरांचा हा वाटा आहे. खर्च सरकारी प्रयोगशाळेचा होता आणि प्रश्न खाणीतून आला होता.

चिलीच्या अभ्यासातली एक गोष्ट भिलाईसाठी फार महत्त्वाची आहे. खाणीत काम करणाऱ्या धडधाकट माणसांच्या शरीरात मँगनीज भरपूर सापडले. उलट काम सोडलेल्या आजारी माणसांच्या शरीरातून ते निघून गेले होते आणि इजा मागे राहिली होती. म्हणजे निवृत्त माणसाचे आज रक्त तपासून काही हाती लागेलच असे नाही. त्याने कोणत्या विभागात, कोणत्या काळात, किती वर्षे काम केले, हे कळले तरच दुवा जुळू शकतो.

पुढे अमेरिकेत तोमास गिलार्ते यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक बाब दिसली. मँगनीजमुळे डोपामिनच्या चेतापेशी मरत नाहीत, त्या डोपामिन सोडेनाशा होतात. पाळीवर हजर असलेल्या पण हात हलवू न शकणाऱ्या कामगारासारखी त्यांची अवस्था होते. कंपवातात या पेशी मरतात. दोन्ही आजार बाहेरून सारखे दिसत असले तरी आतले बिघाड वेगळे, म्हणूनच मँगनीजच्या रुग्णाला लेव्होडोपाचा टिकाऊ गुण बहुधा येत नाही. ओपीडीत डॉक्टरांनी ‘तुम्ही काय काम करत होता?’ असे विचारले नाही, तर गोळ्यांची मात्रा वाढत राहते आणि माणूस मात्र पडतच राहतो. पेशी जिवंत असेल तर तिला पुन्हा बोलते करता येईल का? मला यापेक्षा मोलाचा प्रश्न सुचत नाही.

कायद्याने हा आजार केव्हाच ओळखला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत, मँगनीजच्या विषबाधेचे नाव होते. हवेतल्या मँगनीजच्या धुराची मर्यादा त्याच कायद्याने घनमीटरमागे १ मिलिग्रॅम ठरवली होती. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ मध्ये फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी ०.०२ मिलिग्रॅमची शिफारस केली. हा पन्नास पटींचा फरक आहे. अमेरिकेतच ८८६ वेल्डिंग कामगारांचा माग ठेवणाऱ्या ब्रॅड रॅसेट यांच्या २०१७ च्या अभ्यासात, मँगनीजशी संपर्क जितका जास्त तितकी लक्षणे अधिक वेगाने वाढतात असे आढळले. आपल्या कामगारांसाठी योग्य मर्यादा कोणती, याचे उत्तर आपल्याच कामगारांच्या अभ्यासातून यायला हवे.

हे काम भिलाईइतके दुसरीकडे क्वचितच साधेल. पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तेव्हापासून हजारो माणसांनी एकाच कारखान्यात आयुष्य घालवले आणि सेक्टर ९ च्या एकाच रुग्णालयात उपचार घेतले. त्याच वसाहतीत शिक्षक, कारकून, दुकानदारही राहिले. पाणी तेच, हवामान तेच, काम मात्र वेगळे. तुलनेसाठी संशोधकाला याहून काय हवे? कुटेलाभाट्याला आयआयटी आहे, तासाभरावर रायपूरचे एम्स आहे. मँगनीज जिथून निघते त्या बालाघाट, भंडारा, नागपूरच्या खाणीही याच पट्ट्यात आहेत. तिथल्या कामगारांत आपली मराठी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांनाही या अभ्यासात जागा हवी.

बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुराच्या खेड्यांत पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार लोकांच्या मेंदूचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याचे काम हाती घेतले. त्याला एका उद्योजक कुटुंबाची देणगी मिळाली. तुमच्या फाउंडेशनसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये योजले आहेत आणि त्यांतले ३६ हजार कोटी सरकारी तिजोरीबाहेरून, उद्योग व सार्वजनिक कंपन्यांकडूनही यायचे आहेत. पोलाद उद्योगाचा त्यातला वाटा पोलाद कामगारांच्या मेंदूवर खर्च व्हावा, ही मागणी अवाजवी नाही. मात्र नमुने कोणाचे घ्यायचे आणि निष्कर्ष केव्हा छापायचे, हे ठरवण्याचा अधिकार पैसे देणाऱ्या कंपनीकडे असू नये.

कंत्राटी कामगारांना कृपा करून वगळू नका. धुळीची कामे पुष्कळदा त्यांच्याच वाट्याला येतात, ठेकेदार बदलला की त्यांची नोंद पुसली जाते, आणि साठीनंतर ते गावी परततात. त्यांच्या कामाचा इतिहास त्यांच्याशी बसून, छत्तीसगढीत बोलून लिहून घ्यावा लागेल. तपासणीचा निकालही ज्याचा त्याला, त्याच्या भाषेत मिळायला हवा.

एक घाई आहे. १९६० च्या दशकात भरती झालेली माणसे आता थोडी उरली आहेत. कुठल्या भट्टीवर कसा धूर असे, तोंडाला गमछा केव्हा बांधत आणि मास्क केव्हा आले, हे त्यांना अजून आठवते. प्रस्ताव, छाननी, मंजुरी यांत चार वर्षे गेली तर ही माहिती कोणत्याही दप्तरातून परत मिळणार नाही. म्हणून मुख्य अभ्यास मंजूर होईपर्यंत निदान निवृत्तांच्या मुलाखती आणि प्राथमिक तपासणी यांसाठी छोटा निधी याच वर्षी द्यावा. माझ्या ओळखीची निवृत्त मंडळी तयार आहेत. मेंदूचे एमआरआय करून घ्यायला तयार आहेत, आणि मृत्यूनंतर मेंदू संशोधनासाठी द्यायची तयारीही दोघांनी माझ्यापाशी बोलून दाखवली आहे. त्यांनी नाव कुठे नोंदवायचे, तेवढे कळवावे.

आपली,
भिलाईतील एक निवृत्त विज्ञान शिक्षिका